लाइन हातात आलीय, आता माणसं कशी सांभाळायची? नवीन सुपरवायझरसाठी

भोसरी घ्या, चाकण घ्या, वाळूज नाहीतर सातपूर घ्या, सुपरवायझर बनवायची पद्धत सगळीकडे सारखीच. पोरगा ऑपरेटर म्हणून चांगला असतो, सेटिंग येतं, ड्रॉइंग कळतं, दांड्या मारत नाही, मग एक दिवस मॅनेजर केबिनमध्ये बोलावतो आणि सांगतो की एक तारखेपासून लाइन तू बघ. मशीनचं सगळं शिकवलेलं असतं, माणसांबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नसतं. मग तो बिचारा रात्री मोबाईलवर मोटिव्हेशन शोधतो आणि तिथे सूट घातलेला कुणीतरी स्टेजवरून ओरडत असतो की टीमला व्हिजन द्या. थर्ड शिफ्टला पहाटे चार वाजता डोळे चोळत उभ्या असलेल्या ऑपरेटरला व्हिजन द्यायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते काही तो सांगत नाही.

तर हे त्या पोरासाठी (आणि पोरीसाठीही, हार्नेस आणि पॅकिंगच्या लाइनला आता लेडीज सुपरवायझर बऱ्याच दिसतात). मध्यम आकाराची ऑटो पार्ट बनवणारी कंपनी, हाताखाली वीस-पंचवीस माणसं, त्यातली थोडी परमनंट आणि बाकी कॉन्ट्रॅक्टची नाहीतर ट्रेनी, असं चित्र डोळ्यासमोर ठेवून लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गेटमधून आत येणारा माणूस सहसा काम करायच्या मूडमध्येच येतो, मूड जातो तो आत आल्यावर, आणि जातो तोही ठरलेल्या चार-पाच कारणांनी: ओटी (ओव्हरटाइम) कमी लागला, सुट्टीचं कुणी नक्की सांगेना, टूल नाही पण टार्गेट पाहिजे, चार लोकांसमोर झापलं. ही कारणं शोधून एकेक करून काढणं हेच सुपरवायझरचं मोटिव्हेशनचं काम, बाकी भाषणं-बिषणं नंतर.

यात माझं डोकं काही नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्गच्या आसपासच्या साधारण २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं, १९५९ मध्ये ते छापून आलं. दोन्हीची कारणं बरीचशी वेगळी निघाली. वाईट वाटायची कारणं म्हणजे कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगार, कामाची जागा. छान वाटायची कारणं म्हणजे काम जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. म्हणजे पंखा दुरुस्त करून दिला म्हणून कुणी जोशात येत नाही, पण मे महिन्यात पंखा बंद असला की होता तो जोश जातो. त्यामुळे क्रम पाळायचा, आधी त्रास काढायचा आणि मग कौतुक, जबाबदारी वगैरे. उलटं केलं, म्हणजे पगार लेट आणि वर बेस्ट एम्प्लॉयीचं सर्टिफिकेट, तर लोक समोर टाळ्या वाजवतात आणि पार्किंगमध्ये हसतात.

१. पहिले पंधरा दिवस काही बदलू नका, फक्त वही भरा

नवीन सुपरवायझरला खाज असते, आल्या आल्या बसायच्या जागा बदल, चहाची वेळ बदल, लेआउट बदल. थांबा जरा. खिशात बसेल अशी एक वही घ्या आणि प्रत्येकाला एक पान द्या. गाव कोणतं, इथे कुठे राहतो, येतो कसा, घरी कोण आहे, कोणकोणत्या मशीन येतात, पुढे काय शिकायचंय. हे पोलिसासारखं एका दमात विचारायचं नाही, चहाला, जेवायला, बसची वाट बघताना जसं निघेल तसं.

आणि एक प्रश्न मात्र सगळ्यांना विचारायचाच: रोज कामावर कशानं डोकं फिरतं?

या प्रश्नातून काय निघतं त्याचा एक नमुना. एका मशीन शॉपमध्ये सेकंड शिफ्टला बोअरचं (पार्टमधल्या भोकाचं) रिवर्क, म्हणजे परत करायचं काम, जास्त यायचं, माप तपासायचा गो गेज अडकायचा, फिनिशला रेषा. सकाळच्या मीटिंगमध्ये ठरलेलं वाक्य असायचं की सेकंडची पोरं लक्ष देत नाहीत, साहेब नसले की मोबाईल काढतात. नवीन सुपरवायझरने त्या ऑपरेटरला वरचा प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, स्टोअर साडेपाचला बंद होतं. त्यानंतर टूलच्या इन्सर्टची, त्या कापायच्या पात्याची, धार गेली की मी काय करणार, मशीनला मापाचा ऑफसेट देत देत ओढतो बारापर्यंत, आणि सकाळी शिव्या खातो." चावी स्टोअरकीपरबरोबर घरी जायची. उपाय काय, लाइनवर एक लोखंडी पेटी, तिच्यात प्रत्येक प्रकारचे थोडे इन्सर्ट, एक रजिस्टर, आणि जुना इन्सर्ट जमा केल्याशिवाय नवीन घ्यायचा नाही असा नियम. स्टोअरवाला थोडा कुरकुरला पण तेवढंच. रिवर्क कमी झालं हे तर झालंच, पण त्या पोराच्या डोक्यावरचा "लक्ष देत नाही" हा शिक्का पुसला गेला, आणि तेव्हापासून मशीनमध्ये जरा वेगळा आवाज आला तरी तो स्वतःहून येऊन सांगायला लागला.

असे दोन-तीन अडथळे पहिल्या महिन्यात काढा, छोटे असले तरी चालतील, खरं तर छोटेच घ्या, कारण मोठ्याला वरून सही लागते आणि ती कधी येईल सांगता येत नाही.

२. कालचे दोस्त आणि वयाने मोठे

त्याच लाइनवरून वर आला असाल तर हे सगळ्यात अवघड प्रकरण. काल ज्याच्या डब्यातली भाजी खाल्ली त्याला आज ब्रेकवरून उशिरा आला म्हणून बोलायचं. अरे-तुरे बंद करून एकदम साहेब बनलात तर हसं होतं, आणि काहीच बदललं नाही तर बाकीचे म्हणतात ह्याचा ग्रुप वेगळा आहे. दोस्तांना पहिल्याच आठवड्यात बाहेर चहाला घेऊन स्पष्ट सांगून टाका: बाहेर मी तुझा तोच, आत मात्र सुट्टी, ओटी आणि मशीन वाटप यात मी तुला एक रुपयाची सूट देणार नाही, उलट लोक बघतायत म्हणून जरा कडकच वागेन, राग मानू नको. बहुतेकांना कळतं. एखादा रुसतो, रुसू द्या.

जुने सेटर (मशीन सेट करणारे), चाळीशी-पन्नाशीचे लोक, यांना काका, मामा, अण्णा जे आधीपासून चालतं तेच चालू ठेवा आणि अहो-जाहो सोडू नका. त्यांच्या मशीनवर काही बदलायचं असेल तर आदल्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन विचारा, "काका, हे असं करायचं डोक्यात आहे, तुम्हाला काय अडचण दिसते?" त्यांनी सांगितलेली अडचण पाचातल्या चार वेळा खरी असते. यूपी-बिहार-ओडिशाच्या लोकांना नावाने हाक मारा, पुढे जी लावा. ए भैय्या अशी हाक मारून त्याच्याकडून आपुलकीची अपेक्षा ठेवू नका.

३. पैसा आणि सुट्टी, इथे गोलमाल नको

हा भाग नीट वाचा कारण निम्मी नाराजी इथूनच निघते आणि नवीन सुपरवायझरला वाटतं की हे एचआरचं काम आहे. पैसे देणं एचआरचं काम आहे, पण माणूस येऊन विचारतो तुम्हाला, आणि तुम्ही "मला काय माहीत, ऑफिसला विचार" म्हणालात की तुमची किंमत त्याच दिवशी संपली.

निदान एवढं पाठ पाहिजे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला पाहिजे. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. पीएफ कामगाराच्या बाजूने १२ टक्के कापला जातो आणि तो भरला गेला की नाही हे त्याला उमंग ॲपवर पासबुकमध्ये दिसतं. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कामगाराचा ०.७५ टक्के आणि कंपनीचा ३.२५ टक्के. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, आणि तो कॉन्ट्रॅक्टच्या माणसालाही लागू आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते, हे वाक्य एचआरसमोर शांतपणे एकदा बोलून बघा, ठेकेदाराला फोन लगेच जातो.

आता तुमच्या कंपनीत ओटी सिंगलने देत असतील तर? देतात बरेच जण, सगळ्यांना माहिती आहे. तुमच्या हातात ते बदलणं नाही, पण खोटं बोलणं न बोलणं तुमच्या हातात आहे. "बघतो, होऊन जाईल" असं तर अजिबात म्हणू नका. मी वर लेखी कळवलंय, उत्तर आलं की सांगतो, एवढंच म्हणा आणि खरंच लेखी कळवा. आणि ओटीचे तास तरी बरोबर लागतील हे बघा. दर आठवड्याला, जो काय तुमचा वीकली ऑफ असेल त्याच्या आदल्या दिवशी हजेरी आणि ओटी एका कागदावर काढून लाइनवर लावायचं, ज्याचं चुकलंय तो तिथंच सांगतो, महिन्याच्या शेवटी पगार स्लिप हातात घेऊन भांडण होत नाही. पाच मिनिटांचं काम आहे हो, पण कुणी करत नाही.

ईएसआयच्या बाबतीत एक गोष्ट तुम्ही करू शकता जी लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत. बऱ्याच कामगारांचे पैसे कापले जातात पण बायका-मुलांची, आई-वडिलांची नावं कार्डावर चढवलेलीच नसतात, आणि ते कळतं कधी, तर आई आजारी पडल्यावर चिंचवडच्या मोहननगरच्या हॉस्पिटलमध्ये खिडकीवर उभं राहिल्यावर. नवीन माणूस जॉइन झाला की पहिल्या महिन्यात त्याच्या मागे लागून आधार कार्ड, फोटो जमा करा आणि एचआरकडून नावं चढवून घ्या. आणि आजारी पडला तर ईएसआयमधून सिकनेस बेनिफिट मिळतो, पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, ठरावीक हप्ते भरलेले असले की. हे माहीत नसल्यामुळे पोरं ताप अंगावर काढून मशीनवर उभी राहतात.

सुट्टीचं गणित. मराठवाड्याची, सोलापूरची माणसं असतील तर जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरच्या आसपास सोयाबीन काढणी, चैत्रात गावची जत्रा, आषाढीला वारी, आणि लग्नसराई आहेच. बिहारच्या माणसाला दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, आणि ती त्याला घरीच पाहिजे, तुम्ही कितीही ओटीचं आमिष दाखवा. हे सगळं दरवर्षी त्याच सुमाराला येतं, तरी दरवर्षी सुपरवायझर असा चेहरा करतो की अचानक काहीतरी झालं. वहीतून सगळ्यांच्या गावच्या जत्रा आणि सण एका वर्षाच्या कॅलेंडरवर टाका. मग दिसेल की कोणत्या आठवड्यात किती जण जाणार आहेत.

आता यातली मेख ऐका. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं). पुणे-दानापूरचं दिवाळी-छठच्या वेळचं तिकीट उघडल्या उघडल्या संपतं. म्हणजे तुम्ही सुट्टीचं "बघू, अजून वेळ आहे" असं महिनाभर आधी म्हणत असाल तर त्या माणसाच्या दृष्टीने वेळ कधीच गेलेली असते, तो जनरल डब्यात उभा राहून जाणार आणि परत यायचं तिकीट नाही म्हणून चार दिवस उशिरा येणार, आणि मग तुम्ही त्याला बेजबाबदार म्हणणार. सत्तर-पंच्याहत्तर दिवस आधी विषय काढा, कोण जाणार कोण थांबणार लिहून घ्या, जास्त जण असतील तर मागच्या वर्षी जो थांबला त्याला यावेळी पहिला नंबर, आणि मंजूर झालेली यादी बोर्डावर. एकदा यादी लावली की मॅनेजर आला तरी ती बदलायची नाही, त्यासाठी मॅनेजरची सही आधीच घेऊन ठेवा.

४. शिकवायला वेळ द्या

नवीन हेल्पर नाहीतर आयटीआयचा पोरगा आला की काय होतं? "ह्याच्याबरोबर उभा राहा आणि बघ." बस, झालं ट्रेनिंग. मग तो आठ दिवसांनी जॉब (मशीनवर चढवायचा पार्ट) उलटा लावतो आणि फिक्स्चरला, म्हणजे जॉब पकडणाऱ्या साच्याला, ठोकतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यात एकदम नवखी माणसं आली, त्यांना पटकन तयार करायला १९४० मध्ये सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम काढला, खास सुपरवायझर लोकांसाठी. युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी तो उचलला. त्यातली शिकवायची पद्धत चार टप्प्यांची आहे आणि आजही जशीच्या तशी चालते. आधी माणसाला मोकळं करायचं, त्याला किती येतं ते विचारायचं. मग तुम्ही करून दाखवायचं, एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला मेन मुद्दा काय ते सांगायचं. मग त्याला करायला लावायचं आणि करता करता त्याच्याच तोंडून मुद्दे वदवून घ्यायचे. मग सोडायचं, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून, आणि सुरवातीला वारंवार चक्कर मारून.

तिसरी पायरी सगळे गाळतात. "कळलं का?" विचारलं की समोरचा मान हलवणारच, नवीन माणूस नाही कसं म्हणेल? त्यापेक्षा म्हणा, "आता मी नवीन आहे असं समज आणि हे क्लॅम्पिंग मला शिकव." बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) कुठे राहते, आधी कोणता बोल्ट घट्ट करायचा, हे त्याला सांगता आलं तर कळलं.

शिकवण्याचा मोटिव्हेशनशी काय संबंध म्हणाल तर सरळ आहे. दहा हजारभर जॉब एकाच मशीनवर काढणाऱ्या माणसाला पुढे काय हा प्रश्न पडतोच. बोर्डावर स्किल मॅट्रिक्स (कुणाला कोणतं काम येतं त्याचा तक्ता) असते ना, ऑडिटरसाठी रंगवलेली, ती खरी करा. प्रत्येकाला चार-सहा महिन्यांत एक नवीन मशीन नाहीतर एक नवीन काम, गेजिंग असेल, ऑफसेट देणं असेल. तुमचाही फायदा, कुणी दांडी मारली तर लाइन अडत नाही.

५. टोकायचं कसं

सगळ्यांसमोर नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. रिजेक्शनच्या ट्रेचा फोटो आणि खाली ऑपरेटरचं नाव टाकणारे महाभाग आहेत. तो फोटो त्या माणसाची बायको पण बघते कधीकधी, एवढं लक्षात ठेवा.

वर सांगितलेल्या त्याच कार्यक्रमात माणसांच्या भानगडी सोडवायची पण पद्धत होती: आधी नेमकं काय झालं ते गोळा करा, तोलून ठरवा, मग कृती करा, आणि नंतर परिणाम तपासा. प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघा. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, दरवाजाचा सेफ्टी स्विच एका काकांनी पट्टी लावून बायपास केलाय, म्हणजे दरवाजा उघडा असताना स्पिंडल फिरतोय. तुम्ही ते बघितलंत. पहिली गोष्ट, मशीन तिथंच बंद. यावर चर्चा नाही. मग बाजूला घेऊन,

"काका, हे असं कधीपासून आहे?"

"झाले असतील दोन-तीन आठवडे. काय करणार साहेब, कापलेल्या धातूची चिप गुंडाळते टूलला, दर चार-पाच जॉबला दरवाजा उघडून हुकने ओढावी लागते. पूर्ण थांबायची वाट बघत बसलो तर टार्गेट कुठून निघणार?"

"आधी कुणाला सांगितलं होतं?"

"सांगितलं की. बघू म्हणाले."

आता तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत. काकांनी नियम मोडला, आणि टार्गेट ठरवताना चिप काढायचा वेळ कुणी धरलाच नाही. दोन्हींवर बोलायला लागतं. स्विच आत्ताच्या आत्ता मेंटेनन्सकडून पूर्ववत करून घ्या. आजचा आकडा कमी निघेल, त्याचं कारण रिपोर्टमध्ये तुम्ही स्वतःच्या सहीने लिहा, काकांच्या डोक्यावर टाकू नका. टूलवाल्याला बोलवा, चिप तुटेल असा इन्सर्ट नाहीतर फीड बदलून बघा. आणि मग काकांना शांतपणे सांगा, "तुमची अडचण खरी होती, ती मी घेतली. पण परत स्विच बांधलेला दिसला तर लेखी वॉर्निंग देणार, तुम्ही माझे गुरू असलात तरी." त्यानंतर आठवडाभराने परत जाऊन बघा, चिपचं काय झालं. ही शेवटची चक्कर बरेच जण मारत नाहीत आणि मग माणसाला वाटतं की साहेबाला फक्त स्विचशी मतलब होता.

काही गोष्टींना मात्र दुसरी संधी नसते. दारू पिऊन आलेला माणूस मशीनवर उभा राहणार नाही, त्याला सुखरूप घरी पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी कारवाई. मारामारी, चोरी, हे एचआरकडे. आणि लाइनवर बायका असतील आणि कुणी काही घाणेरडं बोलल्याची, हात लावल्याची तक्रार आली तर "मी समजावतो त्याला" म्हणून आपल्या पातळीवर मिटवायला जाऊ नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती पाहिजे, तक्रार तिकडे लेखी द्यायला त्या बाईंना मदत करा आणि तोंड बंद ठेवा, चहाच्या टपरीवर त्याची चर्चा नको.

६. कौतुक

"छान काम केलं सगळ्यांनी" हे कुणालाच लागत नाही. नेमकं बोला. "काल रात्री कूलंट कमी झालेलं तुम्ही बघितलं आणि भरलं, नाहीतर आज सकाळी ड्रिल गेलं असतं," असं. त्याला कळतं की आपलं काम कुणीतरी बघतंय.

महिन्याचा बेस्ट कामगार ही भानगड माझ्या मते बंदच करावी. तिसऱ्या महिन्यापासून आळीपाळीने नंबर लागतात आणि चौथ्या महिन्यापासून लोक एकमेकांना चिडवायला लागतात. त्यापेक्षा कस्टमरचं ऑडिट असतं तेव्हा ज्या ऑपरेटरने जिग बनवला त्यालाच समजावून सांगू द्या, तुम्ही मागे उभे राहा. तो घरी जाऊन ते सांगतो. बाहेरगावचा मॅनेजर आला की नाव घेऊन ओळख करून द्या.

सूचनांची पेटी असेल तर तिच्या चावीला गंज चढलाय का ते आधी बघा. भेल या सरकारी कंपनीने हैदराबादच्या रामचंद्रपुरम युनिटमध्ये १९८० मध्ये देशातलं पहिलं क्वालिटी सर्कल सुरू केलं, कामगारांनीच एकत्र बसून आपल्या कामातली अडचण सोडवायची अशी ती कल्पना. आज बऱ्याच ठिकाणी त्याचं पोस्टर आणि स्पर्धा झालीय, पण मूळ गोष्ट लाइनवर सोपी आहे: माणसाने सूचना दिली की आठवड्याच्या आत उत्तर. हो, नाही, किंवा अजून महिना लागेल, काहीही चालेल, पण उत्तर. नाही असेल तर का ते पण सांगा. उत्तर न मिळालेला माणूस दुसरी सूचना देत नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते तेव्हा ज्याची मशीन त्याच्या हातून होऊ द्या, साहेब लोकांनी नारळ फोडत फिरू नये. वर्गणी मात्र सक्तीची नको, कुणी नाही दिली तर विषय काढू नका.

७. आजूबाजूची आणि वरची माणसं

थोडक्यात सांगतो. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं ओव्हरलॅप ठेवा आणि मशीनजवळ उभं राहून चार्ज द्या-घ्या, तुम्ही निघून गेल्यावर येणारी थर्ड शिफ्ट ही सगळ्या कंपन्यांमध्ये सगळ्या पापांची धनी असते, महिन्यातून एक-दोनदा रात्री स्वतः जाऊन बघा म्हणजे कळेल की तिथे कॅन्टीनमध्ये काय मिळतं आणि मेंटेनन्सचा माणूस किती वेळाने येतो. क्वालिटीवाल्याशी भांडून पार्ट पास करून घेऊ नका, तुमची पोरं ते बघतात आणि शिकतात. युनियन असेल तर लेआउट, शिफ्ट, टार्गेट यातलं काही बदलायच्या आधी कमिटीच्या माणसाला कानावर घाला, बोर्डावर नोटीस बघून त्याला कळलं तर साधी गोष्ट पण मानापमानाची होते.

आणि वर, मॅनेजरकडे, माणसांची बाजू आकड्यात मांडा. "पोरं वैतागलीत" म्हटलं की तो म्हणतो पोरं नेहमीच वैतागलेली असतात. "इन्सर्टची वाट बघण्यात या आठवड्यात एवढा वेळ मशीन उभी होती" म्हटलं की ऐकतो. वाईट बातमी त्याला पहिल्यांदा तुमच्याकडून कळू दे. वरून आलेला निर्णय खाली सांगताना "मी काय करू, वरून आलंय" असं म्हणून हात झटकू नका, पटलेला नसेल तर वर भांडून या, आणि हरलात तर खाली येऊन नीट सांगा की हे असं ठरलंय आणि आपण असं करायचंय.

८. कुणी सोडून चालला तर

कॉन्ट्रॅक्टवर असलेला पोरगा महिन्याला हजार-बाराशे जास्त मिळतात म्हणून शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीत जातो. जाणारच. तुमची खरी परीक्षा तेव्हा असते कारण बाकीचे सगळे बघत असतात की जाणाऱ्याशी हे कसे वागतात. शेवटच्या आठवड्यात त्याला मुद्दाम जड मशीन देणं, हिशोब अडकवणं, अनुभवाच्या दाखल्यासाठी चार चकरा मारायला लावणं हे सर्रास चालतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, तेव्हा एचआरला आधीच तारीख कळवून ठेवा. पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक) त्याच्याकडे आहे ना, मोबाईल नंबर लिंक आहे ना, बघून घ्या, नाहीतर नंतर तो बिचारा सायबर कॅफेवाल्याला पैसे देत बसतो.

जाताना दहा मिनिटं बसा आणि विचारा, पैसे सोडून अजून काय कारण होतं. आता त्याला तुमची भीती नसते, खरं सांगतो. जे सांगेल ते वहीत त्याच्या पानावर लिहा, पान फाडू नका. पुढच्या वेळी ठेकेदार माणूस देत नसेल आणि दिवाळीचा डिस्पॅच डोक्यावर असेल तेव्हा त्याच्याच गावचे दोन आयटीआय झालेले भाऊ त्याच्या एका फोनवर येऊ शकतात.